मोटारसायकलमागच्या ट्रॉलीला नियम द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय
आणि
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

यांस सविनय नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड केला आणि तेव्हापासून पोट याच कामावर आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणी यंत्रांच्या फ्रेमा, गोठ्यांचे शेड, फवारणी पंपांचे गाडे ही माझी रोजची कामं. हे पत्र तक्रारीचं आहे, पण तक्रार माझ्या एकट्याची नाही. म्हणून ते बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर ठेवतो आहे.

मोटारसायकलला टो-बार, म्हणजे ट्रॉली अडकवायची लोखंडी जोडणी, बसवून मागे छोटी ट्रॉली ओढायला परवानगी आहे की नाही, आणि असेल तर कोणत्या अटींवर, एवढंच मला आपल्याकडून लेखी आणि कळेल अशा भाषेत हवं आहे. आज ते कोणीच सांगत नाही, आणि न सांगण्याची किंमत रस्त्यावरची माणसं मोजतात.

ही मागणी घेऊन माझ्या दारात येणारी माणसं हौशी नाहीत. एकराच्या आत टोमॅटो-कोथिंबीर करणारा शेतकरी येतो. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा येतो, त्याला चेन-ब्लॉक आणि पाइपचे पाने घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरायचं असतं. मधमाश्यांच्या पेट्या फुलोऱ्याच्या मागे हलवणारा येतो. आठवडी बाजारात रोपं विकणाऱ्या एक ताई आल्या होत्या, स्वतः स्कूटर चालवतात. या सगळ्यांचा माल एका मोटारसायकलला जास्त आणि छोट्या हत्तीला, म्हणजे छोट्या टेम्पोला, कमी असतो. चार-पाच कॅरेट मालासाठी छोटा हत्ती बोलावला, तर त्या दिवशी हातात राहणारे पैसे भाड्यातच जातात. ट्रॅक्टर सगळ्यांकडे नाही. मोटारसायकल मात्र जवळजवळ प्रत्येक घरात आहे. तिच्यामागे एक हलकी, धड बनवलेली ट्रॉली लागली तर यांचा प्रश्न सुटतो. ती ट्रॉली कशी बनवायची हे मला ठाऊक आहे. तरी मी प्रत्येकाला नाही म्हणून परत पाठवतो, आणि परत गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते मी पाहतो. हे पत्र त्यातून आलं आहे.

आधी कायद्याचं बोलतो, कारण वाट तिथेच अडते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २ मध्ये ट्रेलरची व्याख्या आहे. मोटार वाहनाने ओढलं जाणारं किंवा ओढण्यासाठी बनवलेलं कोणतंही वाहन म्हणजे ट्रेलर. त्यातून फक्त सेमी-ट्रेलर आणि साइडकार वगळले आहेत. मोटारसायकल हे मोटार वाहनच आहे. म्हणजे तिच्यामागची ट्रॉली या व्याख्येत बसते. त्याच कलमात मोटार वाहन या शब्दात ट्रेलरही धरलेला आहे, म्हणजे ट्रॉलीचं पासिंग व्हायला हवं. पासिंगसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे आधी नमुन्याची चाचणी आणि मान्यता लागते. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण चाचणी घ्यायची ती कोणत्या निकषांवर? मोटारसायकलच्या ट्रॉलीचे निकष मला दाखवा, असं मी जिथे जिथे विचारलं तिथे मला ट्रॅक्टरच्या नाहीतर ट्रकच्या ट्रेलरबद्दल सांगण्यात आलं. त्या ट्रेलरचं आणि दोन चाकांवर झुकून वळणाऱ्या गाडीचं काही नातं नाही. ते का नाही, हे पुढे सांगतो.

मग येतं कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आणलं: नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी याच्या विरोधात नाही. सायलेन्सर कापून गावभर आवाज करणाऱ्यांना दंड झालाच पाहिजे. पण बदल म्हणजे काय, तर वाहनाचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फेरफार, असं कायद्याचंच स्पष्टीकरण आहे. चार बोल्टवर बसणारा, काढला की गाडी होती तशी राहणारा टो-बार हा असा फेरफार आहे का? एका परिवहन कार्यालयात मला सांगितलं, आहे, गाडी जप्त होईल. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, काढता-घालता येतो ना, मग आमचा काही संबंध नाही. दोन्ही ठिकाणी मी एवढंच म्हटलं की लेखी द्या. दोन्ही ठिकाणी लेखी मिळालं नाही.

आणि हे सगळं अधिकार नसल्यामुळे अडलेलं नाही. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये केंद्र सरकारला अधिकार दिला आहे की, वाहनातल्या बदलांसाठी आणि नंतर बसवायच्या भागांसाठी तपशील आणि मान्यतेच्या अटी ठरवाव्यात. आणि अशा मान्य बदलामुळे कंपनीची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. कलम ११० तर वाहनांच्या बरोबरीने ट्रेलरचं नाव घेऊन त्यांची बांधणी, साधनं आणि देखभाल यांबद्दल नियम करण्याचा अधिकार केंद्राला देतं. कलम आहे, अधिकार आहे, आणि मोटारसायकलच्या ट्रॉलीच्या बाबतीत तो वापरलेला नाही. ही माझी पहिली आणि मूळ तक्रार.

दुसरी तक्रार मी जास्त वेळ घेऊन सांगणार आहे, कारण जीव इथे जातात.

मी परत पाठवलेला माणूस गप्प बसत नाही. तो रस्त्याकडेच्या कुठल्यातरी वेल्डिंगवाल्याकडे जातो. तिथे काय होतं? गाडीच्या मागच्या लगेज कॅरियरला एक अँगल मारतात, त्याला भोक पाडतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी पिन घालतात. झाला टो-बार.

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही जीवघेण्या आहेत. कॅरियर हा गाडीच्या सांगाड्याचा भाग नसतो. तो बारीक बोल्टवर टांगलेला असतो आणि वरून ठेवलेलं ओझं पेलण्यासाठी बनवलेला असतो. मागून सतत ओढ, ब्रेक मारला की मागून धक्का, खड्ड्यात वर-खाली हिसका, हे सोसण्यासाठी तो नसतो. रोज थोडं थोडं लोखंड थकतं आणि एक दिवस बोल्ट तुटतो. ओतूरच्या बाजूला एका उतारावर असंच झालं. ट्रॉली सुटली, बाजूने पुढे आली आणि चालवणाऱ्याच्याच पायावर आदळली. पाय मोडला. कांद्याचे दिवस त्याने खाटेवर काढले. ट्रॉलीला जी सुरक्षा साखळी असायला हवी ती नव्हती. तशी साखळी लागते हेच त्या बनवणाऱ्याला माहीत नव्हतं, कारण कुठे लिहिलेलंच नाही.

दुसरी चूक पिनची. ट्रॅक्टर वळताना झुकत नाही. त्यामुळे उभ्या पिनवर ट्रॉली डावी-उजवी फिरली की त्याचं काम भागतं. मोटारसायकल मात्र झुकूनच वळते. गाडी डावीकडे झुकते, ट्रॉलीची दोन चाकं जमिनीला धरून सपाट राहतात, आणि मधली पिन दोघांना पिळते. एक तर पिन गाडीला झुकू देत नाही आणि गाडी वळणाबाहेर जाते, नाहीतर ट्रॉलीचं एक चाक उचलतं. म्हणून मोटारसायकलच्या जोडणीत तिन्ही दिशांना हालचाल लागते: डावी-उजवी, वर-खाली, आणि ओढदांड्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याच्या, स्वतःच्या अक्षाभोवती गोल. त्यासाठी गोळा-कपलिंग, म्हणजे बॉल हिच, आणि दांड्यात फिरता सांधा हवा. नुसता गोळा पुरत नाही, कारण तो ठरावीक कोनापर्यंतच फिरतो. फिरता सांधा असेल तर गाडी आडवी पडली तरी ट्रॉली उभी राहते.

टो-बार कुठे बसवायचा, यालाही शास्त्र आहे. तो मुख्य फ्रेमला धरला पाहिजे. साध्या कम्युटर गाड्यांमध्ये मागच्या शॉकअपचे वरचे बोल्ट आणि मागच्या फूटरेस्टचे ब्रॅकेट, दोन्ही बाजूंचे, असे चार आधार मिळतात. त्यांच्यामधून त्रिकोणी पट्ट्या नेऊन मागे आडवा पाइप घ्यायचा. गोळा मागच्या ॲक्सलच्या उंचीच्या जवळ आणि चाकाच्या शक्य तितका लगत ठेवायचा. तो जितका मागे लांब, तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात राहत नाही. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गोळ्यावर आला पाहिजे. फार कमी आला तर ट्रॉली मागे शेपटीसारखी हलायला लागते, आणि ते हेलकावे एकदा सुरू झाले की ब्रेक मारून थांबत नाहीत, वाढतात. जास्त आला तर पुन्हा पुढचं चाक हलकं. म्हणजे माल ट्रॉलीत कुठे ठेवायचा हेही चालवणाऱ्याला शिकवावं लागतं: जड माल ॲक्सलवर आणि किंचित पुढे, मागच्या फळीला टेकवून कधीच नाही.

हे मी स्वतःच्या मनाने सांगत नाही. जिथे मोटारसायकलमागे ट्रेलर लावतात तिथे हे जुनं ज्ञान आहे. आपल्याकडे ते कुठल्याही सरकारी कागदावर नाही. तो कागद असता, तर मी तो भिंतीवर लावला असता आणि त्याप्रमाणे काम केलं असतं. आज मात्र कायदा पाळणारा हात आखडतो आणि न पाळणारा पिन ठोकून देतो. सुरक्षित टो-बार मिळत नाही आणि धोकादायक टो-बार दोन तासांत मिळतो.

तिसरी तक्रार विम्याची. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि तो असायलाच हवा. मी एका विमा कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं की मोटारसायकलमागच्या ट्रॉलीचा विमा होईल का. उत्तर आलं: आरसी बुक आणा. आरसी कुठून आणणार? पासिंगच होत नाही. ट्रॅक्टरला विमा आहे आणि ट्रॉलीला नाही, म्हणून अपघातानंतर भरपाईचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात अडकतात, हे प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. तीच परिस्थिती आपण मोटारसायकलच्या ट्रॉलीसाठी नव्याने तयार करतो आहोत. उद्या अशी ट्रॉली एखाद्या शाळेच्या पोराला लागली, तर त्या पोराच्या आई-बापाने कुणाकडे जायचं?

चौथी गोष्ट बोलायला मला जड जाते, पण बोलतो. टो-बारवर बोट ठेवणारी यंत्रणा कॅरियरवरच्या ओझ्याकडे बघत नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या दिवसांत पहाटे रस्त्यावर उभे राहा. टोमॅटोचं एक कॅरेट २० किलोचं. मोटारसायकलवर पाच कॅरेट म्हणजे १०० किलो, तेही सीटच्या वर, चालवणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीला. दुधाचा ४० लिटरचा भरलेला कॅन ४० किलोच्या वर जातो. ते दोन्ही बाजूंना टांगलेले, वर आणखी एक. गॅसच्या टाक्या, पेंडेची पोती, लोखंडी सळया. यातलं एकही ओझं गाडीच्या तोलाला धरून नाही. हीच १०० किलो जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर, वेगळ्या दोन चाकांवर, वेगळ्या बेअरिंगवर गेली, तर गाडीचा तोल गाडीकडे राहतो. मला ओझंवाल्यांना दंड करायला सांगायचं नाही, ते माझेच लोक आहेत. त्यांना दुसरा चांगला रस्ता द्या, एवढंच म्हणणं आहे.

आता कोणी म्हणेल, दुचाकीसाठी एवढे बारीक नियम कोण करत बसणार? आपणच केले आहेत. जुलै २०२० मध्ये मंत्रालयाने मोटारसायकलवर बसवायच्या हलक्या पेटीची मापं ठरवून दिली: लांबी ५५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी ५१०, उंची ५००, आणि पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर मागे माणूस बसवायचा नाही. मला ते वाचून बरं वाटलं होतं, कारण डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचा कुणीतरी मिलिमीटरमध्ये विचार केला होता. साइडकार तर कायद्यातल्या मोटारसायकलच्या व्याख्येतच धरलेली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या स्कूटरला बाजूला जास्तीची चाकं लावून ती नोंदवली जाते. ई-रिक्षा आधी रस्त्यावर आली, २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली, आणि २०१५ मध्ये कायद्यात कलम २अ घालून ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांना जागा करून दिली. गरीब माणसाच्या वाहनासाठी संसदेने कायदा बदलल्याचं हे उदाहरण आहे. आमच्यासाठी तर कायदा बदलायचीही गरज नाही, नियम पुरे आहेत.

बाहेर काय करतात तेही सांगतो. ब्रिटनमध्ये १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला, पक्कं लायसन असेल तर, एक ट्रेलर लावता येतो. रुंदी एक मीटरपर्यंत. मोटारसायकलच्या मागच्या ॲक्सलपासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंत अडीच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. मालासकट ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल ते. वेगमर्यादाही बिनट्रेलरच्या गाडीपेक्षा कमी. इतके साधे नियम आहेत. एका पानावर मावतील. कंबोडियात तर रेमॉर्क नावाची गाडी लोकांच्या रोजच्या वापरात आहे: साधी मोटारसायकल आणि मागे दोन चाकांची माणसं बसवायची गाडी, जिची जोडणी मोटारसायकलच्या मागच्या सीटच्या जागी, वर केलेली असते. मला माणसं ओढायची नाहीत आणि कोणी ओढावीत असंही वाटत नाही. पण छोट्या इंजिनच्या मोटारसायकलमागे ट्रेलर चालतच नाही, हे म्हणणं खरं नाही.

ब्रिटनचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावला तर काय होतं, हेही प्रामाणिकपणे मांडतो. आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या १०० सीसीच्या गाड्यांचं वजन ११० किलोच्या थोडं पुढे आहे. ब्रिटनमध्ये १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला परवानगीच नाही. आपण दिली, तरी दोन तृतीयांश म्हणजे साधारण ७५ किलो. ट्रॉली कितीही हलकी बनवली तरी ३०-३५ किलोची होते. राहिले ४० किलो, म्हणजे दोन कॅरेट. एवढ्यासाठी ट्रॉली कोण लावेल? पण ती मर्यादा ताशी ८० ते ९५ किलोमीटरच्या वेगासाठी आहे. आम्हाला ताशी ४० पुरे आहेत. वेग निम्मा झाला की थांबवायची ऊर्जा चौथाई होते. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात. त्यामुळे आपल्या वेगाला, आपल्या चढ-उतारांना आणि आपल्या गाड्यांना योग्य आकडा कोणता, तो मोजून काढावा लागेल. कदाचित १०० सीसीला नाही असंच उत्तर येईल आणि १५० सीसीच्या पुढेच परवानगी मिळेल. तसं आलं तर मी ते मान्य करीन आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगीन. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय) किंवा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम न होण्याची सोय) आणि त्यापुढच्यांना एबीएस सक्तीचं झालं. मागे ट्रॉली असताना या ब्रेकांचं वागणं कसं राहतं, हेही मोजलं पाहिजे. माझ्या वर्कशॉपमध्ये ते मोजता येत नाही.

ते मोजणाऱ्या संस्था मात्र आमच्या दारात आहेत. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. वाहनांच्या चाचणीचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी तीन एकट्या महाराष्ट्रात, जुन्नरपासून काही तासांच्या अंतरावर. आजची मान्यतेची पद्धत मात्र हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याच्या हिशेबाने बसवलेली आहे. महिन्याला चार ट्रॉल्या करणारा माणूस त्या पद्धतीच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही. ही माझी शेवटची तक्रार, आणि फक्त ट्रॉलीच्या बाबतीतली नाही. गावातल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला विचारा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिवहन आयुक्तांनी आधी एक परिपत्रक काढावं. काढता-घालता येणारा टो-बार मोटारसायकलला असणं हा कलम ५२ चा भंग आहे की नाही, हे राज्यातल्या प्रत्येक परिवहन कार्यालयासाठी एकाच शब्दांत सांगावं. भंग आहे असं ठरलं, तर तसं लिहा. मग पिनवाल्या टो-बारांचीही तितक्याच काटेकोरपणे तपासणी करा. पण दोन कार्यालयांत दोन उत्तरं नकोत. या परिपत्रकासाठी केंद्राची वाट बघायची गरज नाही.

मंत्रालयाने मोटारसायकल ट्रेलरसाठी वेगळे नियम करावेत. त्यात टो-बार फ्रेमलाच बसवणं, तिन्ही दिशांना फिरणारी जोडणी, सुरक्षा साखळी, ट्रॉलीची रुंदी-लांबी, गोळ्यावर येणारं वजन, मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि परावर्तक पट्ट्या, या सगळ्यांचा समावेश असावा. वजनाची मर्यादा गाडीच्या वजनाशी बांधावी आणि ती टो-बारवरच खोदून लिहायला लावावी, म्हणजे पोलिसाला तिथल्या तिथे वाचता येईल. वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. ट्रॉलीत माणूस बसवण्यावर पूर्ण बंदी असावी. ट्रॉली लावलेली असताना मागच्या सीटवरही कोणी नको. द्रुतगती महामार्गावर या ट्रॉल्या नकोतच. शिकाऊ लायसनवाल्याला परवानगी नको.

टो-बारच्या दोन-तीन नमुन्यांची रेखाचित्रं सरकारी संस्थेने एकदा तपासून मोफत प्रसिद्ध करावीत: पाइपची जाडी, बोल्टचा दर्जा, वेल्डची लांबी, सगळं मराठीत आणि हिंदीत. त्या रेखाचित्राप्रमाणे काम करणाऱ्या, आयटीआय झालेल्या फॅब्रिकेटरची तालुका पातळीवर नोंद व्हावी आणि प्रत्येक टो-बारवर त्याचा क्रमांक असावा. चूक झाली तर त्या क्रमांकावरून मला धरा. आज एखादा टो-बार तुटला तर तो कुणी बनवला हे कुणालाच कळत नाही.

ट्रॉलीची नोंदणी मोटारसायकलच्या नोंदणीलाच जोडून, कमी शुल्कात व्हावी आणि विमा त्याच पॉलिसीत जोडता यावा. शुल्क ट्रॉलीच्या किमतीपेक्षा जास्त झालं, तर लोक पुन्हा पिनवाल्याकडेच जातील.

आणि हे सगळं ठरवायला बसाल तेव्हा समितीत गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या बरोबरीने एक भाजीवाला, एक दूधवाला आणि एक वेल्डर असू द्या. कंपनीला ट्रॉलीशी देणं-घेणं नसतं; तिला गाडी विकायची असते आणि वॉरंटीचा वाद टाळायचा असतो.

एक आक्षेप मला माहीत आहे: आधीच रस्त्यावर दुचाकीस्वार सगळ्यात जास्त मरतात, त्यात ट्रॉलीची भर कशाला? आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. नाशिक-पुणे महामार्गावर मी स्वतः रोज गाडी चालवतो. पण ट्रॉल्या लागायच्या थांबलेल्या नाहीत. त्या लागतायत, कॅरियरला, पिनवर, साखळीविना, दिव्याविना. आपण नियम केले नाहीत म्हणून त्या कमी झाल्या नाहीत. नियम केले तर निदान मोजता येतील.

मी बनवलेल्या टो-बारची आणि रिकाम्या ट्रॉलीची रेखाचित्रं माझ्याकडे तयार आहेत. त्या जोडीवर मी एकाही गिऱ्हाइकाला रस्त्यावर सोडलेलं नाही. पुण्यातल्या कोणत्याही चाचणी संस्थेने सांगितलं, तर ती माझ्या खर्चाने तिथे आणून देतो. तोडून बघा, चढावर ओढून बघा, ब्रेक मारून बघा. नापास झाली तर कुठे नापास झाली ते लेखी द्या, मी सुधारून पुन्हा आणतो. आपल्या उत्तराची प्रत मी माझ्या वर्कशॉपच्या दाराबाहेर लावणार आहे, मग ते उत्तर होकाराचं असो वा नकाराचं.

आपला नम्र,
जुन्नर तालुक्यातील एक फॅब्रिकेशन वर्कशॉपचालक